डीएसएल पोर्ट वारंवार पडतोय? कार्ड बदलण्याआधी एक्स्चेंजमध्ये काय काय बघायचं

"भाऊ, नेट घडीक येस, घडीक जास." जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिल्ह्यात लहान एक्स्चेंज सांभाळणाऱ्या माणसाला ही तक्रार पाठ असते. फोन व्यवस्थित चालतो, मोडेम नवा असतो, तरी डीएसएलचा (फोनच्याच तारेवरून येणाऱ्या नेटचा) दिवा मधेच लुकलुकायला लागतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा स्थिर होतो. दिवसभर हेच चालू. मग आधी मोडेम बदलला जातो, नंतर पोर्ट (एक्स्चेंजमध्ये त्या ग्राहकाची लाइन लागते ती जागा), नंतर असे अनेक पोर्ट असलेलं अख्खं कार्ड, आणि थोड्या दिवसांनी त्याच नंबरवरून तीच तक्रार पुन्हा येते. हा दोष मी वर्षानुवर्षं काढत आलोय. माझं ठाम मत आहे की डीएसएलॅमच्या (ही कार्डं बसवलेल्या एक्स्चेंजमधल्या यंत्राच्या) कार्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी हवेचा फिल्टर, जंपर (एक्स्चेंजमधली जोडतार), स्प्लिटरची (आवाज आणि नेट वेगळं करणाऱ्या भागाची) जोडणी आणि पॉवरचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बघा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त बघायला लागतं.

लक्षणं

लक्षण नीट ओळखलं की निम्मं काम होतं. ग्राहकाला "नेट बंद आहे का" एवढंच विचारू नका. कधी पडतं, किती वेळ पडतं, त्या वेळी फोन चालू असतो का, घरात लाइट असते का, हे विचारा.

– एकाच ग्राहकाचं कनेक्शन तुटतं, वेळ ठरलेली नाही, फोनवर हलकी खरखर. बहुतेक वेळा जंपर किंवा बाहेरचा जॉइंट.

– फोनची घंटी वाजली किंवा रिसीव्हर उचलला की लगेच नेट जातं. स्प्लिटर, किंवा ग्राहकाच्या घरात डीएसएलचा फिल्टर न लावलेला जादा फोन.

– फोन पूर्ण डेड, पण नेट मंद गतीने चालू. ग्राहकाला हे पटत नाही, नवीन लाइनमनलाही पटत नाही, पण हे होतं. पेअरमधली (ग्राहकाच्या दोन तारांच्या जोडीतली) एक तार तुटली की फोनचं सर्किट पूर्ण होत नाही. डीएसएलचा उच्च वारंवारतेचा सिग्नल मात्र उरलेल्या तारेवरून आणि तारांमधल्या कपॅसिटन्समधून कसाबसा पोचतो. असं दिसलं की तुटलेली तार शोधायची, पोर्टकडे बघायचंही नाही.

– फोन छान, पण डीएसएलचा दिवा कधीच स्थिर होत नाही, आणि हे नवीन जोडणी किंवा शिफ्टिंगनंतर सुरू झालं. स्प्लिटरवर टोकं उलटी लागलेली असू शकतात.

– दुपारी एकाच कार्डवरचे बरेच पोर्ट एकत्र पडतात आणि संध्याकाळी आपोआप सुधारतात. उष्णता.

– लाइट गेल्यावर थोड्याच वेळात सगळ्यांचं नेट जातं, फोन मात्र चालू राहतात. बॅटरी किंवा पॉवरची वायर.

– पहिल्या पावसानंतर एकाच पिलरवरचे (रस्त्याकडेच्या केबलच्या पेटीवरचे) ग्राहक ओरडायला लागतात. भूमिगत केबल.

– दिवा अगदी स्थिर आहे, पण वेबसाइट उघडत नाही. हा दोष तारेचा नाही. मोडेमच्या सेटिंगमध्ये व्हीपीआय-व्हीसीआय हे दोन क्रमांक ०/३५ आहेत का, युजरनेम-पासवर्ड बरोबर आहे का आणि पोर्टवर व्हीलॅन (नेटवर्कमधल्या वाटेचा क्रमांक) नीट आहे का ते बघा. त्यासाठी एमडीएफकडे, म्हणजे बाहेरच्या सगळ्या तारा उतरतात त्या एक्स्चेंजमधल्या चौकटीकडे, जायची गरज नाही.

तार कुठून कुठे जाते

ग्राहकाच्या रोझेटपासून (घरातल्या फोनच्या डबीपासून) ड्रॉप वायर टेलिफोनच्या डीपीवर (खांबावरच्या वाटप-डबीवर), तिथून पिलरवर, पिलरवरून प्रायमरी केबलने एमडीएफच्या लाइन बाजूला. एमडीएफवरून जंपर स्प्लिटरच्या 'लाइन' टोकाला. स्प्लिटरमधून दोन वाटा फुटतात: एक फोनच्या स्विचकडे (कॉल जोडणाऱ्या यंत्राकडे), दुसरी डीएसएलॅमच्या कार्डाकडे. आवाज ३.४ किलोहर्ट्झपर्यंतच असतो. एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झपासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जातं आणि एडीएसएल-टू-प्लस २२०८ किलोहर्ट्झपर्यंत. म्हणून एकाच तारेवर दोन्ही सुखाने नांदतात, आणि म्हणूनच फोन चांगला आहे याचा अर्थ तार चांगली आहे असा होत नाही. कानाला ऐकू न येणारा दोष डीएसएलला मारतो.

रचना दोन प्रकारची भेटते. काही ठिकाणी स्प्लिटर डीएसएलॅमच्या शेल्फमध्येच कार्डाच्या रूपात असतो. तिथे लाइन आणि फोन अशा दोन जाड केबली एमडीएफवरच्या ब्लॉकवर उतरवलेल्या असतात. काही ठिकाणी स्प्लिटरचे ब्लॉक एमडीएफवर वेगळे बसवलेले असतात आणि डीएसएलॅमची केबल त्यांच्यापर्यंत येते. आपल्याकडे यातलं काय आहे ते आधी बघून घ्या आणि ब्लॉकवर 'लाइन', 'फोन', 'डीएसएल' अशी चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठ्या नसलेल्या एमडीएफवर दोष शोधायला चौपट वेळ जातो.

पहिली तपासणी: खुर्चीवरून काउंटर वाचा

हात लावायच्या आधी पोर्टचे आकडे बघा. इथे काहीच खर्च नाही आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला किती शिल्लक आहे), अ‍ॅटेन्युएशन (तारेत सिग्नल किती घटतो), सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी) आणि पोर्ट शेवटचा का पडला त्याचं कारण.

कारणात एलपीआर लिहिलेलं असेल तर मोडेमची वीज गेली होती. वीज जाताना मोडेम आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर एक शेवटचा निरोप पाठवतो आणि डीएसएलॅम तो नोंदवून ठेवतो. भारनियमनाच्या वेळेशी ही नोंद जुळली की एक्स्चेंजमध्ये दोष शोधण्यात अर्थ नाही. ग्राहकाला मोडेमसाठी छोटा बॅकअप घ्यायला सांगा, किंवा त्याच्या अ‍ॅडॅप्टरची पिन ढिली आहे का ते बघायला सांगा. ढिल्या पिनेच्या मागे लागून पूर्ण एमडीएफ उलथापालथ केलेली मी पाहिली आहे. मात्र उलट बाजू लक्षात ठेवा. कारण एलओएस असेल, म्हणजे सिग्नल हरवला असेल, तर वीज नक्की गेली नव्हती असं म्हणता येत नाही. काही मोडेम तो शेवटचा निरोप पाठवतच नाहीत.

मार्जिन १० डीबीच्या (डेसिबलच्या) वर असेल तर लाइन निवांत आहे. ६ ते १० मध्ये चालते, पण काठावर. सहाच्या खाली गेली की मोटार सुरू झाली, घंटी वाजली, काहीही निमित्त पुरतं. मार्जिन दिवसातून तीनदा बघा, सकाळी, दुपारी आणि रात्री. एकदाच पाहिलेला आकडा फसवतो.

अ‍ॅटेन्युएशनवरून अंतराचा अंदाज येतो. ०.५ मिलिमीटरच्या तारेवर ढोबळमानाने किलोमीटरला १४ डीबी धरा, ०.४ च्या तारेवर त्याहून जास्त. ग्राहक दीड किलोमीटरवर आहे आणि आकडा ४० दाखवतोय, तर मधे काहीतरी नक्की बिघडलंय.

दुसरी तपासणी: पडणारे पोर्ट एकमेकांचे कोण लागतात?

एका कागदावर तीन रकाने करा: पोर्ट नंबर, एमडीएफचा टॅग (तार बसवायची जागा), पिलरची पेअर. आठवडाभरात तक्रार आलेले सगळे नंबर त्यात भरा. एकटाच पोर्ट असेल तर जंपर किंवा त्या ग्राहकाची तार. एकाच कार्डवरचे पण वेगवेगळ्या पिलरचे असतील तर कार्ड, त्याचा कनेक्टर किंवा उष्णता. वेगवेगळ्या कार्डांवरचे पण एकाच पिलरचे असतील तर प्रायमरी केबल. सगळं शेल्फ एकदम पडत असेल तर पॉवर, पंखे किंवा अपलिंक (डीएसएलॅमला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन).

कार्ड बदलायची घाई करणारे हा कागद करत नाहीत. कार्ड काढलं की त्यावरच्या चांगल्या चालणाऱ्या ग्राहकांचंही नेट जातं. बत्तीस किंवा चौसष्ट घरांना त्रास देण्याआधी कारण हातात असलं पाहिजे.

तिसरी तपासणी: फिल्टर आणि पंखे

भुसावळ-जळगावचा मे महिना कसा असतो हे सांगायला नको. पारा ४५ च्या घरात, एसी एकतर बंद किंवा नुसता घरघरतोय, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवलेली. उघड्या खिडकीतून धूळ येते. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या एक्स्चेंजमध्ये तर हवेतले कापसाचे तंतू फिल्टरवर बसतात आणि त्यांची जाडसर पांढरी चादर तयार होते. वरून पंखे फिरताना ऐकू येतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. हवा मात्र आत जातच नाही.

डीएसएल कार्डावर प्रत्येक पोर्टमागे तारेवर सिग्नल ढकलणारी चिप असते आणि ती बऱ्यापैकी तापते. तापमान वाढलं की आधी एरर वाढतात, मग पोर्ट पडू लागतात, मग उपकरण स्वतःला वाचवण्यासाठी कार्डच बंद करतं. म्हणून दुपारचा दोष संध्याकाळी आपोआप बरा होतो.

फिल्टर काढून खोलीबाहेर नेऊन झटका, मॅन्युअलमध्ये धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. रॅकच्या समोर उभं राहून ब्लोअर मारू नका, धूळ कार्डांच्या मागच्या कनेक्टरमध्ये जाते. पंख्याच्या ट्रेमधला प्रत्येक पंखा फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. रिकाम्या स्लॉटवर कोरी पट्टी बसवलेली आहे ना, हेही बघा. ती पट्टी काढून ठेवली की हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि शेजारचं कार्ड भाजत राहतं. गरम होतंय म्हणून रॅकचं दार उघडं ठेवणं आणि समोर टेबलफॅन लावणं हेही टाळा, कारण हवा आत घेऊन वर फेकण्याची ठरलेली वाट त्याने मोडते.

एक फरक इथेच लक्षात घ्या. दुपारी पडणारे ग्राहक वेगवेगळ्या कार्डांवरचे आणि सगळे लांबचे असतील तर रॅकला दोष देऊ नका. तापमान २५ अंशांनी वाढलं की तांब्याचा रेझिस्टन्स साधारण १० टक्क्यांनी वाढतो. उन्हात लोंबणारी लांब ओव्हरहेड तार रात्री जेमतेम चालते आणि दुपारी हार मानते.

चौथी तपासणी: जंपर

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. वारंवार पडणाऱ्या एकट्या पोर्टचं दुखणं मला इथेच सर्वाधिक वेळा सापडलंय.

टॉर्च घ्या आणि क्रोन मॉड्यूलच्या (एमडीएफवर तारा दाबून बसवायच्या पट्टीच्या) फटीत उजेड पाडून बघा. चांगली पंच केलेली (टूलने दाबून बसवलेली) तार फटीच्या तळाशी सरळ बसलेली असते आणि तिचं टोक स्वच्छ कापलेलं असतं. वाईट पंच केलेली तार फटीच्या तोंडाशीच अडकलेली दिसते, इन्सुलेशन अर्धवट फाटलेलं असतं आणि बोटाने हलकं हलवलं की ती हलते. फोन त्यावरही चालतो, कारण ४८ व्होल्ट अशा जोडणीतून रेटून जातात. डीएसएलचा सिग्नल मात्र इतका क्षीण असतो की ऑक्साइडचा पातळ थरही त्याला नडतो. खोलीत कुणी रॅकचं दार आपटलं तरी असा पोर्ट पडतो.

क्रोनसाठी क्रोनचंच टूल वापरायचं. स्क्रू-ड्रायव्हरने तार दाबली की आतली चिमटी कायमची फाकते आणि नंतर चांगल्या टूलने पंच केलं तरी पकड येत नाही. अशी फट सोडून द्या, शेजारचा मोकळा टॅग घ्या आणि खराब टॅगवर खूण करा. एका फटीत दोन तारा असतील तर तेही चालणार नाही. खालची तार सैल पडते.

जंपरच्या दोन्ही तारा पीळ दिलेल्या असाव्यात, टोकाशीही दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त पीळ उकललेला नको. पीळ गेला की शेजारच्या जंपरमधला आवाज तारेत शिरतो.

आता मेलेले जंपर. ग्राहकाने घर बदललं, नवीन जंपर टाकला, जुना काढलाच नाही. जुना जंपर स्वतः काही मीटरचाच असतो, तेवढ्याने फार बिघडत नाही. पण त्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या घराकडे जाणारी पेअर अजून जोडलेली असेल तर चालू लाइनवर एक लांब मोकळी फांदी लटकते. त्या फांदीच्या टोकावरून सिग्नल परत येतो आणि मूळ सिग्नलला खातो. ५० मीटरची मोकळी फांदी १ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग खाऊ शकते, आणि एडीएसएलचा डाउनलोड तिथपर्यंत पसरलेला असतो. मेलेले जंपर दोन्ही टोकांनी काढा. एकीकडून कापून ट्रेमध्ये सोडून देऊ नका.

जंपरबरोबरच त्या पेअरचं प्रोटेक्शन मॉड्यूल बघा. वळवाच्या पावसात विजा झाल्या की आतली गॅसची नळी कधी पूर्ण जाते, कधी अर्धवट जाऊन गळती सुरू करते. अर्धवट गेलेली शोधणं अवघड असतं. चांगलं चालणाऱ्या पेअरचं मॉड्यूल इथे लावून दिवसभर मार्जिन बघा. मॉड्यूल काढून लाइन तशीच चालू ठेवू नका, पुढची वीज थेट कार्डावर येईल.

पाचवी तपासणी: एमडीएफवरच मोडेम लावा

या एका चाचणीने दोष खोलीच्या आत आहे की बाहेर, ते कळतं. ग्राहकाला आधी फोन करून सांगा. एमडीएफवर बाहेर जाणारी पेअर सुटी करा आणि स्प्लिटरकडून येणाऱ्या बाजूला चांगला मोडेम लावा. तार काही मीटरचीच असल्यामुळे अ‍ॅटेन्युएशन जवळपास शून्य आणि मार्जिन भरपूर दिसायला हवं. तासभर तसाच ठेवा. एकदाही पडला नाही आणि सीआरसी वाढले नाहीत तर एक्स्चेंज निर्दोष आहे, आता बाहेर जा. पडला तर बाहेर जायची गरज नाही, दोष इथेच आहे.

घाईत पाच मिनिटं लावून काढू नका. दुपारी पडणारा पोर्ट दुपारीच तपासा.

सहावी तपासणी: स्प्लिटर

घंटीवर नेट जात असेल तर आधी ग्राहकाकडे विचारा: घरात दुसरा फोन, फॅक्स, कॉलर आयडी असं काही आहे का, आणि प्रत्येकाला फिल्टर आहे का? तिथे सगळं नीट असेल तर एक्स्चेंजमधला स्प्लिटर बघा. घंटीसाठी तारेवर साधारण ७५ व्होल्ट एसी, २५ हर्ट्झ जातो. तो डीएसएलच्या कार्डापर्यंत पोचू नये यासाठी स्प्लिटर असतो. त्याचा फिल्टर खराब झाला की प्रत्येक घंटीला आणि रिसीव्हर उचलताना बसणारा झटका सरळ पोर्टवर जातो.

चाचणी सोपी आहे. फोनच्या स्विचकडे जाणारा जंपर थोडा वेळ सुटा करा. नेट स्थिर राहिलं, आणि जोडून फोन लावल्यावर पडलं, तर स्प्लिटर बदला.

उलटी टोकं कशी ओळखायची? 'लाइन' आणि 'फोन' ही टोकं अदलाबदल झाली तरी आवाज दोन्हीकडून जातो, म्हणून फोन उत्तम चालतो. डीएसएलचा सिग्नल मात्र फिल्टरच्या पलीकडे, स्विचच्या बाजूला अडकतो आणि ग्राहकापर्यंत पोचत नाही. दिवा एकदाही स्थिर झाला नाही असं ग्राहक म्हणत असेल तर आधी हेच बघा.

सातवी तपासणी: पोर्ट बदलून बघणं

इथपर्यंत आल्यावरच पोर्ट बदला. आधी त्याच कार्डावरचा मोकळा पोर्ट, मग दुसऱ्या कार्डावरचा. नवीन पोर्टवर तोच स्पीड प्रोफाइल, तोच व्हीलॅन टाका, आणि युजरनेम पोर्टशी बांधलेलं असेल तर तेही बदलून घ्या, नाहीतर दिवा लागेल आणि नेट चालणार नाही. मग जुन्या पोर्टवर दुसरी चांगली लाइन लावून बघा. दोष पोर्टबरोबर राहिला तर पोर्ट खराब. ग्राहकाच्या तारेबरोबर गेला तर पोर्ट विनाकारण बदनाम झाला होता. ही दुसरी अर्धी चाचणी बरेच जण करत नाहीत, आणि चांगले पोर्ट 'फॉल्टी' म्हणून कायमचे बंद पडून राहतात.

आठवी तपासणी: मीटर

आता बाहेरची तार. दोन्ही टोकं सुटी करा. सगळ्यात आधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही तारा जमिनीशी तपासा. तारेवर विजेचा व्होल्टेज दिसला तर पुढचं काही करू नका, खाली लिहिलंय तसं थांबा.

ग्राहकाकडचं टोक शॉर्ट करून लूप (जाऊन-येऊन दोन्ही तारांचा मिळून रेझिस्टन्स) मोजा. ०.५ मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरला साधारण १७० ओहम, ०.४ च्या तारेला साधारण २७० ते २८० ओहम यायला हवा. दोन किलोमीटरच्या ०.५ तारेवर ३४० च्या जागी ५०० आला तर मधे एखादा जॉइंट बसलाय. मग ग्राहकाकडे दोन्ही तारा एकत्र करून चांगल्या अर्थला जोडा आणि एकेक तार वेगळी मोजा. दोघींमधला फरक काही ओहमचाच हवा. वीस-तीस ओहमचा फरक असेल तर एकाच तारेचा जॉइंट सैल आहे, आणि अशा असमतोल पेअरमध्ये बाहेरचा गोंगाट सहज शिरतो.

इन्सुलेशनसाठी मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावत असाल तर एक्स्चेंजचं टोक सुटं आहे हे दोनदा बघा. मेगरचा व्होल्टेज कार्डात गेला तर कार्ड गेलं.

आपल्या तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीचा स्वभाव केबलला मानवत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. दरवर्षी या ओढाताणीत भूमिगत जॉइंट ताणला जातो, आणि पहिल्या चांगल्या पावसात पाणी आत शिरतं. जेली भरलेल्या केबलमध्ये पाणी लांबवर पसरत नाही, पण जॉइंटच उघडा पडला तर जेली काय करणार? एकाच पिलरचे अनेक ग्राहक पावसात पडत असतील तर प्रत्येकाचा मोडेम तपासत फिरू नका, जॉइंटर बोलवा. जुन्या लांब ग्रामीण केबलवर आवाजासाठी बसवलेली लोडिंग कॉइल असेल तर ती काढल्याशिवाय डीएसएल चालणारच नाही.

प्रोफाइल बदलणं

शेतातल्या मोटारींचा त्रास वेगळा. थ्री-फेज वीज आली की फीडरवरच्या मोटारी एकामागोमाग सुरू होतात आणि स्टार्टरच्या ठिणग्यांचा गोंगाट शेताच्या कडेने जाणाऱ्या ओव्हरहेड तारेत शिरतो. सीआरसी नेमके त्या वेळेला उसळतात. तार निर्दोष आहे हे सिद्ध झाल्यावर इथे प्रोफाइल बदलायला हरकत नाही: इंटरलीव्ह (गोंगाटाचा फटका सावरता यावा म्हणून डेटा विखरून पाठवणं) चालू करा, टार्गेट मार्जिन ६ वरून ९ डीबी करा, स्पीड थोडा कमी करा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मळ्यात राहणाऱ्या ग्राहकाला थोडा कमी पण न तुटणारा वेग चालतो.

पण सैल जंपर झाकण्यासाठी स्पीड कमी करणं मला अजिबात मान्य नाही. ग्राहक पूर्ण पैसे भरतो. त्याचा वेग आपल्या आळसापायी जाऊ नये.

पॉवर

एक्स्चेंजच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल, प्रत्येकाला साधारण २.२५ व्होल्ट, म्हणजे फ्लोटवर (बॅटरी भरून नुसती चार्जिंगला लागलेली असताना) सुमारे ५४ व्होल्ट. हा आकडा रेक्टिफायरवर (एसी विजेचं डीसी करून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर) मोजा आणि मग चालू लोडवर डीएसएलॅमच्या टर्मिनलवर मोजा. दोन्हींत व्होल्टभराहून जास्त फरक असेल तर मधला लग, फ्यूज किंवा एमसीबी गरम होतोय. स्विच आणि डीएसएलॅम एकाच बॅटरीवर असूनही फोन चालू आणि नेट बंद होतं, कारण प्रत्येक उपकरणाची किमान व्होल्टेजची मर्यादा वेगळी असते आणि सैल लगमुळे डीएसएलॅमला आधीच कमी मिळत असतो.

लाइट गेलेली असताना प्रत्येक सेल वेगळा मोजा. चार्जिंगवर सगळे सेल सारखेच दिसतात. डिस्चार्जवर एखादा भराभर खाली येतो, तोच सगळ्यांना ओढतो. उष्णतेत या बॅटऱ्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे खोलीचा एसी बंद ठेवून वाचवलेली वीज बॅटरीच्या खर्चात जाते.

मोजण्यापलीकडे इथे हात घालू नका.

कुठे थांबायचं

तारेवर विजेचा व्होल्टेज दिसला तर पेअर सुटी ठेवा, कुणालाही हात लावू देऊ नका, वीज कंपनीला आणि वरच्या अधिकाऱ्यांना कळवा. कुठेतरी ओव्हरहेड तारेचा स्पर्श झालाय आणि डीपीवर चढलेल्या लाइनमनच्या जिवाचा प्रश्न आहे. आभाळात विजा कडाडत असतील तर एमडीएफ आणि बाहेरची तार दोन्हींपासून दूर राहा. काम उद्या होईल.

बॅटरी फुगलेली, गळणारी किंवा वास येणारी असेल, रेक्टिफायर अलार्म देत असेल, पॉवरची वायर तापून रंग बदलली असेल, तर पॉवरच्या माणसाला बोलवा. सेलच्या टर्मिनलवर साधा पाना पडला तरी तो वितळण्याइतका करंट वाहतो. अंगठी-कडं घालून त्या खोलीत जाऊ नये.

कंट्रोल कार्ड, अपलिंक, फर्मवेअर आणि शेल्फचा बॅकप्लेन (कार्डं मागे ज्यात बसतात तो बोर्ड) या चार गोष्टींना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. लाइन कार्ड चालू स्थितीत काढता येतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तरच काढा, आणि मनगटाला अर्थचा पट्टा बांधून. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नका, प्रकाश दिसत नाही पण तो असतो. भूमिगत जॉइंट खोलणं हे जॉइंटरचंच काम. चुकीचा बंद केलेला जॉइंट पुढच्या पावसात दहा नवीन तक्रारी देतो. हे वाचणारे ग्राहक असतील तर तुमची हद्द रोझेटपर्यंत. पिलर आणि डीपी उघडू नका.

वरच्या टीमला फोन करताना पोर्ट नंबर, तीन वेळांचं मार्जिन, अ‍ॅटेन्युएशन, शेवटचं कारण, एमडीएफवर मोडेम लावून काय दिसलं आणि पोर्ट अदलाबदलीचा निकाल एवढं हातात ठेवा. कार्ड दुरुस्तीला पाठवत असाल तर अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि चिठ्ठीवर कुठला पोर्ट, किती तापमानात, कुठल्या वेळी पडतो ते लिहा. नुसतं 'फॉल्टी' लिहून गेलेलं कार्ड दुरुस्ती केंद्रातल्या थंड खोलीत व्यवस्थित चालतं आणि तसंच परत येतं.